तेलात कालवलेली हळद

नांदेडमध्ये माझं पार्लर आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. नवऱ्या सजवणं हे माझं मुख्य काम. एवढ्या वर्षांत ज्याला मी बेधडक कला म्हणेन असं काम माझ्या हातून एकदाच झालं, आणि ते मी करायला नको होतं.

एरवी मी करते ती कारागिरी. आया सांगतात, "मॅडम, दोन शेड उजळ करा," मी करते. मंडपात बायका "कुठून केलं वो?" म्हणून विचारतात आणि पुढची दोन लग्नं तिथंच ठरतात. त्यात नवीन काही शोधावं लागत नाही. शिस्त लागते, आणि ती माझ्याकडं भरपूर आहे. प्रत्येक नवरीचं माझ्या वहीत एक पान असतं. त्वचा कशी, ॲलर्जी कशाची, साडीचा रंग कोणता, कार्यालयातले दिवे पिवळे की पांढरे, एसी आहे की नुसते कूलर, मुहूर्त किती वाजता, फुलं कोण आणणार. एकेक गोष्ट झाली की बरोबरची खूण. पान भरल्याशिवाय मी ब्रश उचलत नाही. माझा नवरा विचारतो, "तुझ्या वहीत मी कितव्या पानावर हाय?"

ती मुलगी मार्च महिन्यात दुपारी आली. कंधारजवळच्या एका गावातली. बरोबर आई आणि मामा. तोंडाला स्कार्फ बांधलेला, फक्त डोळे उघडे. आमच्याकडं उन्हात सगळ्याच मुली तशा फिरतात, त्यामुळे एसटीत कुणी तिच्याकडं वळूनही बघितलं नसेल. आईनं पार्लरचं दार लावून घेतलं, मग म्हणाली, "सोड."

तिनं स्कार्फ सोडला. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात, उजव्या डोळ्याखालून भुवईपर्यंत आणि कानाच्या खाली मानेवर पांढरे डाग होते. भुवईतले चार-पाच केसही पांढरे झालेले. हाताच्या बोटांच्या पेरांवरही तसंच. बाकी चेहरा गव्हाळ, उन्हानं कपाळावर जरा जास्त रापलेला.

"दोन वर्षं झाली," आई म्हणाली. "आधी तांदळाच्या दाण्याएवढं होतं. डॉक्टर म्हणतात, अंगाला कायी धोका न्हाई, दुसऱ्याला लागत न्हाई. पण गावाला कोण समजावून सांगंल, मॅडम?"

मामा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, "लातूरचं स्थळ आलंय. पोरगा क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. चुलत्याची डाळमिल हाय. पुढच्या रविवारी बघायला येऊन राहिलेत. तेवढा एक दिवस निभावून न्या. आमची इज्जत तुमच्या हातात हाय."

मी वही उघडली. विचारलं, "मुलाकडच्यांना माहीत आहे?"

मामांनी भिंतीवरच्या, मी सजवलेल्या नवऱ्यांच्या फोटोंकडं बघितलं. आई म्हणाली, "हाव, कानावर घातलंय."

"कुणाच्या?"

"मधल्या माणसाच्या."

मी खूण केली. सांगितलं असेल तर झाकायचं कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी पुढच्या ओळीवर गेले.

मामा आणि आई रसवंतीवर गेले तेव्हा मुलगी आणि मी दोघीच राहिलो. ती बी.एस्सी. झाली होती आणि कंधारला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करत होती. बोलायला धीट होती.

"मॅडम, एक सांगू का? तुम्ही म्हणा, हे झाकता येत न्हाई."

"का गं?"

"तुमचं ऐकतील. माझं कुणी ऐकून न्हाई राहिलं. मला त्याला आधी दाखवायचं हाय, उघड्या तोंडानं. न्हाई म्हणला तर म्हणू द्या की. माझं काम चालू हाय, मी काय मरून न्हाई राहिले."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एका दिवसाचा कसा? दुसऱ्या दिवशी मी काय तोंड घरी ठेवून जाऊ?"

मला हसू आलं. तीही हसली. मग मी तिला म्हणाले की लग्न ठरताना सगळ्याच मुली घाबरतात. वहीत लिहिलं : मुलगी घाबरलेली, बोलून धीर देणे. बोलणं झालंच होतं, म्हणून तिथंही खूण केली.

मामांचा आग्रह, आईचे डोळे, ही सगळी कारणं मी पुढं लोकांना सांगितली. खरं कारण वेगळं आहे. डाग बघितले त्या क्षणापासून मला ते काम करायचं होतं. आपल्याला जमेल का, हे बघायचं होतं.

आणि ते काम सोपं नव्हतं. डागावर नुसता गव्हाळ रंग फासला की तो भिंतीच्या भेगेत भरलेल्या लांबीसारखा दिसतो. माणसाची कातडी एका रंगाची नसतेच. गालावर तांबूस, हनुवटीशी हिरवट, डोळ्याखाली निळसर, कपाळावर उन्हाचा तपकिरी थर. मी तिच्या गालाशी रंगाच्या पट्ट्या लावून लावून पाच रंग घोटले. ते ब्रशनं ओढायचे नाहीत, खरखरीत स्पंजनं टिपायचे. एक थर, पावडर, दहा मिनिटं थांबणं, दुसरा थर. कडा दिसू नये म्हणून डागाच्या बाहेर, चांगल्या कातडीवरही तोच रंग विरळ करत न्यायचा. तरी चेहरा खोटा दिसत होता. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की खोटा दिसतोय कारण फार स्वच्छ झालाय. मग मी एका केसाच्या ब्रशनं त्यावर रंध्रं काढली, गालावर होते तसले दोन बारीक तीळ काढले, एक जुना पुटकुळीचा वण काढला. पांढरे केस एकेक करून रंगवले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला दारात, भर उजेडात उभी केली आणि एका हाताच्या अंतरावरून बघितलं. मला स्वतःला कड सापडली नाही.

आई रडली. मामा म्हणाले, "मॅडम, जादू हाय तुमच्या हातात." मुलीनं आरशात बघितलं, बराच वेळ, आणि एवढंच म्हणाली, "ही दोन वर्षांमागची मी हाय."

तो फोटो मी कुठं टाकला नाही. टाकण्यासारखं त्यात काहीच दिसत नव्हतं. एक साधी, मेकअप न केलेली मुलगी. मला त्याचाच अभिमान होता.

रविवार पार पडला. मुलाकडच्यांना मुलगी पसंत पडली. हात धुवायचा नाही, चहाचा ट्रे टेकवला की बोटं पदराखाली घ्यायची, हे मी पढवलं होतं, तिनं केलं. साखरपुडाही झाला. मी दर वेळी विचारायचे, "सांगितलं का?" आई म्हणायची, "मामा बोलणार हायत." लग्न लातूरला ठरलं आणि मामा बोललेच नाहीत.

लग्नाच्या दिवशी अवघड जागा एकच होती, ती म्हणजे हळद. आमच्याकडं नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला येते, आणि ती घेऊन येणाऱ्या बायका मुलाकडच्या. त्याच लावणार, आपल्या हातानं, तोंडाला, मानेला, हाताला. म्हणजे हळदीच्या आधी, उघड्या दिसणाऱ्या चेहऱ्यावरच काम करून ठेवायचं आणि ते हळदीखाली टिकायला हवं. मी पार्लरमध्ये चाचणी घेतली. दुधात कालवलेली हळद तिच्या गालावर चोळली, पाण्यानं धुतली. रंग जागचा हलला नाही. वहीत लिहिलं : हळद, टिकते. खूण.

माझ्या सासरी हळद दुधात कालवतात, माहेरी पाण्यात. मुलीच्या घरी पाण्यात. मी एवढ्या लग्नांत दिव्यांचे रंग विचारले, कूलरची तोंडं कुठं आहेत ते विचारलं. मुलाकडं हळद कशात कालवतात, हे विचारायचं माझ्या पानावर कधी नव्हतंच.

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो, अहमदपूरला चहा घेतला आणि लातूरच्या कार्यालयात साडेसातला पोचलो. साडेनऊला माझं काम तयार होतं. दहाच्या सुमारास वाजतगाजत उष्टी हळद आली. मुलाची आत्या पुढं, मागं तिच्या भावजया आणि मुलाच्या पाठच्या दोन बहिणी. पितळी वाटीतली हळद चकाकत होती. मी वाटीकडं वाकून बघितलं.

"तेलातली आहे का?" मी विचारलं.

"मग कशातली असंल?" आत्या म्हणाली. "आमच्यात करडईच्या तेलातच कालवतात. पहिल्या घाण्याचं तेल हाय, पोरीच्या अंगाला तेज येतंय."

मी लावला होता तो रंग पाण्याला दाद देत नाही. तेलात तो साबणासारखा सुटतो. मी म्हणाले, "तोंडाला मी लावते, डोळ्यात जाईल." आत्या हसली. "तुमी कोण वो? तुमी रंगवायच्या. हळद आमी लावायची."

पहिला हात गालावरून फिरला. दुसरा मानेवरून. तिसऱ्यांदा मुलाच्या धाकट्या बहिणीनं डोळ्याखाली चोळलं आणि आपली बोटं बघितली. बोटांवर हळद होती आणि हळदीत तपकिरी चिखल होता. मुलीच्या डोळ्याखाली डाग उघडा पडला होता. हळदीनं तो नुसता पांढरा राहिला नव्हता, लिंबासारखा पिवळा जर्द झाला होता.

"आत्या, रंग निघून राहिला की हिचा."

आत्यानं पदराच्या टोकानं जोरात पुसलं. मग ओठापाशी पुसलं. मग मानेवर. वाजंत्री बाहेर वाजतच होती. मुलीची आई भिंतीला टेकून खाली बसली.

त्या खोलीत फक्त मुलगी बदललेली दिसत होती. लग्न ठरल्यापासून आवळून धरलेले तिचे खांदे सैल झाले. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, कापूस द्या. सगळंच उतरवा आता. बघू द्या त्यांला."

मी कापूस दिला नाही. "थांब जरा," म्हणाले.

मोठ्या माणसांची बैठक नवरदेवाच्या खोलीत बसली. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. मुलाचा चुलता, डाळमिलवाला, मामांना म्हणत होता, "आमी डाळीला पॉलिश मारतो, पाव्हणं. धंदाच हाय आमचा. पण आमी पोत्यावर लिहितो, पॉलिश हाय म्हून. तुमी लिहिलं व्हतं का?" कुणीतरी हसलं. मामा हात जोडून उभे होते. मुलगा काय म्हणाला ते मी ऐकलं. तो म्हणाला, "मला आधी सांगितलं असतं तर..." आणि ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही. आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं, हे मग कुणालाच कळलं नाही, बहुतेक त्यालाही नाही.

अर्ध्या तासानं मुलाची आई एकटीच आमच्या खोलीत आली. माझ्याच वयाची, ठेंगणी, कमरेला किल्ल्या. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं मुलीची हनुवटी वर करून नीट बघितलं आणि मला विचारलं, "हे परत बसवता येतं का?"

"येतं."

"किती वेळात?"

"चाळीस मिनिटं. आधी तेल काढावं लागेल."

"किती टिकतं?"

"सकाळ ते संध्याकाळ."

"हिला शिकवता येतं का? घरी, रोज, तुमच्याशिवाय?"

माझ्या उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "माणसं येऊन बसलीत. माघारी नेलं वऱ्हाड तर ह्या पोरीचं कायी राहत न्हाई. आणि घरात हे दिसलं तर माझ्या दोन पोरी हायत लग्नाच्या. त्यांच्याकडं कुणी फिरकत न्हाई. ज्या बायांनी बघितलं त्यांची तोंडं मी बंद करते. बाकी कुणाला दिसता कामा न्हाई. कवाच. एवढीच अट."

तिनं सगळा विचार केला होता, एक, दोन, तीन, असा. मी तिच्या जागी असते तर मीही तोच हिशेब मांडला असता. मला तिचा राग येईना, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मुलगी म्हणाली, "मला न्हाई करायचं लग्न."

तिची आई उठली, तिच्यापाशी आली आणि काही न बोलता तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आईनं लेकीच्या पायांवर. असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघू नये. मुलीनं पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला, मग डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच तिनं चेहरा माझ्याकडं केला.

त्या वेळी मी पेटी बंद करून निघून गेले असते तर लग्न मोडलं असतं. माझ्या एका "नाही"वर सगळं अडलेलं होतं, कारण त्या कार्यालयात ते काम येणारी दुसरी बाई नव्हती. मी घड्याळात बघितलं. मुहूर्ताला एक तास दहा मिनिटं होती. मी तेल काढायला घेतलं.

अडतीस मिनिटांत झालं. पहिल्यापेक्षा सरस झालं. डोळ्यांतून पाणी येत होतं म्हणून पापणीखाली मी वेगळा उपाय काढला, तो आजही माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवते. कुठं, कुणावर सुचला ते सांगत नाही.

नंतर महिनाभर मी दर बुधवारी लातूरला जाऊन तिला शिकवलं. ती पटकन शिकली. तिचा हात माझ्याहून हलका होता. घरातली माणसं उठायच्या आधी, पाच वाजता, ती न्हाणीघराच्या आरशासमोर बसायची. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात चेहरा उघडा धरून बसायला सांगितलं होतं. वाड्यात आठ बिऱ्हाडं. उघडा चेहरा घेऊन कुठल्या उन्हात बसणार? मलम बंद झालं. रोज रात्री घासून रंग उतरवायचा, त्या घासण्यानं डाग वाढतात, असंही डॉक्टरांनी सांगितलं. ते तिनं मला फोनवर सांगितलं. मी म्हणाले, "तेलानं भिजवून हळूहळू काढ, घासू नको." मला सुचलं ते एवढंच.

पुढं येणं-जाणं कमी झालं. गेल्या फेब्रुवारीत एका लग्नासाठी लातूरला गेले होते तेव्हा तिच्याकडं गेले. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. सासूनं हसून दार उघडलं. "या, या. तुमच्या शिष्येचं लई कौतुक हाय गल्लीत. एवढी नितळ कातडी, काय लावते म्हून बाया विचारून राहिल्यात."

ती चहा घेऊन आली. मी मनाला नको म्हणत असतानाही माझे डोळे तिच्या चेहऱ्यावर कड शोधत होते. सापडली नाही. सासू देवळात गेली तेव्हा तिनं मला आतल्या खोलीत नेलं, कडी लावली आणि गळ्याजवळचा पदर बाजूला केला. मान, छाती, जिथवर दिसत होतं तिथवर सगळं पांढरं होतं.

"तोंडही असंच हाय आता," ती म्हणाली. "कपाळावर एवढं बोटभर राहिलंय जुनं."

"मग रंग कशाशी जुळवतेस?"

"फोटोशी. साखरपुड्याच्या." आणि मग तिनं विचारलं, "मॅडम, माझा रंग असाच होता ना? तुम्ही जवळून बघितला होता."

मी म्हणाले, "हो, असाच." साखरपुड्याच्या फोटोतला रंगही मीच लावलेला होता. खरा कसा होता, ते मला नीट आठवत नव्हतं.

"आणि तुझा नवरा?"

"ते चांगले हायत. कायी म्हणत न्हाईत. पण मी आंघोळ करून तशीच समोर आले की क्षणभर दचकतात. मग म्हणतात, अगं तू होय." ती सहज बोलत होती, तक्रार नव्हती त्यात. तिनं तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

"हे सोड आता," मी म्हणाले. "धुऊन टाक आणि जा बाहेर. आता तर सगळंच एकसारखं झालंय."

"कुठं जाऊ? गल्लीत सगळ्यांनी हीच बघितलीय." तिनं स्वतःच्या गालाकडं बोट केलं. "ही न्हाई आली बाहेर तर विचारतील, ती कुठं गेली."

तिला उत्तर नको होतं. तिचं माझ्याकडं काम होतं. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या बायकांचे चेहरे रापले, फक्त तिचाच तसाच राहिला, आणि शेजारणीनं विचारलं होतं, तू उन्हात जातच न्हाईस का. तेव्हा आता मार्चपासून जूनपर्यंत लावायला एक गडद रंग हवा होता, पावसाळ्यात त्याहून जरा उतरलेला, थंडीत फिका. असं एकदम न बदलता, आठ-आठ दिवसांनी थोडं थोडं मिसळत न्यायचं, असं तिनंच ठरवलं होतं. फार हुशारीचं होतं ते. मला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं.

माझी पेटी बरोबर होतीच. मी पाटावर बसले आणि रंग घोटले. ती शेजारी बसून काचेच्या पट्टीवर एकेक थेंब उजेडात धरून बघत होती. "अजून जरा तांबूस," ती म्हणायची, आणि तिचं बरोबर असायचं. तीन डब्या झाल्या. तिनं झाकणांवर पेननं स्वतः लिहिलं, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, आणि डब्या कपाटात साड्यांच्या मागं ठेवल्या. बाहेर सासूच्या किल्ल्या वाजल्या तशी तिनं आरशात एकदा बघितलं, कडी काढली आणि चहाचे कप विसळायला गेली.